ईस्टर म्हणजे नेमकं काय मानतात? (आणि जेवायला जाताना काय न्यावं?)

ऋता_माजिवडा | १ एप्रिल २०२६, रात्री ९:४०

समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब मराठी ख्रिस्ती आहे, कॅथलिक. खूप जुना शेजार. त्यांच्या आजी फेब्रुवारीत गेल्या. चर्चमधल्या विधीला आम्ही सगळे गेलो होतो. शवपेटीजवळ उंच स्टँडवर एक जाडजूड मेणबत्ती होती आणि तिच्यावर २०२५ असं साल. म्हटलं, जुनीच वापरली की काय! नंतर दफनभूमीत आजींचा मुलगा मला म्हणाला, "भेटूच परत." आपण 'देवाघरी गेल्या' म्हणतो तसा सूर नव्हता. अगदी साधं, ठरल्यासारखं बोलला.

आता रविवारी ईस्टरच्या जेवणाला बोलावलंय. आमच्या सासूबाई म्हणाल्या, घरात माणूस गेलंय, वर्ष झालेलं नाही आणि सण कसला? मलाही ते विचित्र वाटलं, पण विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून इथे विचारते:

मेलेलं माणूस शरीरासकट उठणार असं हे लोक खरंच मानतात का, की आत्मा स्वर्गात जातो एवढंच? आपल्या पुनर्जन्मासारखं काही आहे का? आणि जेवायला जाताना काय नेऊ?

---

खादाडखाऊ | १ एप्रिल, रात्री ९:५२

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. भूक न्या. घर ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचे मूळचे मराठी कॅथलिक) असेल तर फुगे (तळलेले गोल पाव) आणि सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) असणार, दुपारी घरी येऊन स्वयंपाक करायचा विचार सोडून द्या. मार्झिपॅनची (बदाम-साखरेची) अंडी मिळाली तर दोन माझ्या नावाची बाजूला ठेवा.

---

पंचांगराव | १ एप्रिल, रात्री १०:१५

वाचतोय. मूळ विषयावर मला बोलता येणार नाही, पण तारखेचं सांगतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येतो. चर्चची ही पौर्णिमा कोष्टकावरून काढतात, त्यामुळे आकाशातल्या चंद्राशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. पण आपल्या पंचांगाशी गंमतशीर जवळीक राहते. उद्या हनुमान जयंती, परवा गुड फ्रायडे, ५ तारखेला ईस्टर. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ ला. २०२४ मध्ये मात्र होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्चलाच आला. मुळात ज्यूंचा वल्हांडण सण पौर्णिमेचा, त्याच दिवसांत येशूला क्रुसावर दिलं, म्हणून हा चंद्राचा हिशोब.

---

डब्लूएफएच_दास | १ एप्रिल, रात्री १०:२१

म्हणजे ईस्टर कायम रविवारीच? एक सुट्टी कायमची बुडाली म्हणायची.

---

वसईची_लेक | १ एप्रिल, रात्री ११:०५

ऋता, मी मूळची वसईची, लग्नानंतर घोडबंदर रोडला राहते. मेणबत्ती जुनी नव्हती गं. तिला पास्काची मेणबत्ती म्हणतात. दर वर्षी ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर नवी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि त्या वर्षाचे आकडे असतात. फेब्रुवारीत २०२६ चा ईस्टर यायचा होता, म्हणून २०२५ ची मेणबत्ती. या शनिवारी रात्री ती बदलेल.

आता महत्त्वाचं. ही मेणबत्ती वर्षभरात मुख्यतः दोन प्रसंगी बाहेर काढतात, बाप्तिस्म्याला आणि अंत्यविधीला. ईस्टरच्या रात्री जिच्यावरून आपापल्या हातातली मेणबत्ती पेटवली, तीच शवपेटीजवळ उभी असते. सासूबाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. ज्या घरात माणूस गेलंय, त्या घराला ईस्टर वगळता येत नाही. क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, त्याचा हा सण, म्हणजे तो त्यांचाच असतो.

शनिवारी रात्री जमलं तर जा. सगळे दिवे बंद असतात, अंधारात ती एकच ज्योत आत येते. तलावपाळीच्या सेंट जॉन चर्चला गर्दी असते, लवकर निघा.

---

शंकेखोर | २ एप्रिल, सकाळी ८:३०

धाग्याचा सूर फारच हळवा होण्याआधी थोडं पाणी टाकतो. बायबलमधली येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक, योहान) शेजारी ठेवून वाचा. थडग्यावर किती बाया गेल्या? मार्क तीन म्हणतो, मत्तय दोन, योहान एकटी मग्दालिया मरीया. देवदूत एक की दोन? येशू पुन्हा दिसला तो गालीलात की यरुशलेमात? आणि सगळ्यांत जुनं मार्कचं शुभवर्तमान जुन्या हस्तलिखितांत १६ व्या अध्यायाच्या ८ व्या ओवीपाशी संपतं. बाया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. येशू कुणाला दिसल्याचा प्रसंगच नाही. पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या आहेत, हे ख्रिस्ती अभ्यासकच सांगतात.

लाडका गुरू गेला, शिष्य खचले, त्यांना तो दिसू लागला. अशी उदाहरणं प्रत्येक धर्मात सापडतात. माणसाला मरण सोसत नाही एवढाच याचा अर्थ.

---

पाळकाचा_पोरगा | २ एप्रिल, सकाळी १०:४५

शंकेखोर, मार्कबद्दल बरोबर आहे तुमचं. माझे वडील पाळक होते, नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये आयुष्य गेलं. (आम्ही प्रोटेस्टंट, वसईच्या ताईंचे कॅथलिक. जेवणात त्या पुढे, गाण्यात आम्ही. ना. वा. टिळकांची भजनं आमच्याकडे पेटी-तबल्यावर होतात.) मार्कचा तो शेवट त्यांनी कधी लपवला नाही. ते म्हणायचे, खोटं रचणारा माणूस असा शेवट करेल का? आणि पहिल्या साक्षीदार बाया ठेवेल का? त्या काळी बायकांच्या साक्षीला वजन नव्हतं. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने नेमकी यावरूनच टिंगल केली होती.

यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. पण शुभवर्तमानांच्याही आधीचं लिखाण आहे ते पौल या सुरुवातीच्या प्रेषिताचं. करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र इ.स. ५३ ते ५५ च्या सुमाराचं, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. त्याच्या १५ व्या अध्यायात तो यादी देतो. पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, मग पाचशेहून अधिक लोकांना, ज्यांतले बरेचसे अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि विचारा.

ऋताताई, तुमचा पहिला प्रश्न. हो, शरीरच. प्रेषितांच्या मतांगीकारात (श्रद्धेच्या कबुलीत) आम्ही दर रविवारी 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो. आत्मा अमर आहे आणि तो पिंजऱ्यातून सुटून वर जातो, ही कल्पना जास्त करून ग्रीकांची. बऱ्याच ख्रिस्ती लोकांच्या डोक्यातही तीच असते, आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांच्यासुद्धा. पण पौल म्हणतो ते वेगळं आहे. मेलेले कोणत्या शरीराने येतात, असं कुणी विचारेल, हे तो स्वतःच लिहितो. त्यावर तो आधी 'मूर्खा' म्हणून झापतो आणि मग बियाण्याचं उदाहरण देतो. पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. दाणा गेल्याशिवाय रोप नाही, पण रोप त्याच दाण्याचं. म्हणून पुनर्जन्म नाही. तिथे तोच जीव दुसरा देह घेतो. इथे तेच माणूस, एकदाच जगलेलं, एकदाच मेलेलं, नवं होऊन उठतं.

---

शंकेखोर | २ एप्रिल, सकाळी ११:१०

पाचशे लोकांना दिसला असं पौल म्हणतो. त्या पाचशेंपैकी एकाचंही लिखाण नाही. बाकी उदाहरण चांगलं आहे, शेतकऱ्याला पटेल. मी नेरूळला चौदाव्या मजल्यावर राहतो.

---

टाळकरी | २ एप्रिल, दुपारी १:२०

राम कृष्ण हरी. माझं कळव्यात दुकान आहे, वारी चुकवत नाही. मला हे वाचताना तुकोबांचं सदेह वैकुंठगमन आठवलं. बीजही याच सुमाराला असते, फाल्गुन वद्य द्वितीयेला. आमच्याकडेही 'सदेह' या शब्दावर जोर आहे. नुसता आत्मा गेला असता तर कौतुक काय? आणि वारकऱ्याला देहाचा तिटकारा असतो हाही गैरसमज आहे. तुकोबांनी मुक्ती नको म्हटलंय, पुन्हा जन्माला घाल पण नाम आणि संतसंग दे. मग फरक काय राहिला?

---

पाळकाचा_पोरगा | २ एप्रिल, दुपारी ३:०२

माउली, फरक आहे असं मला वाटतं. तुकोबा गेले. येशू आधी परत आला. आणि कसा आला? लूकच्या २४ व्या अध्यायात शिष्यांना भूत वाटतं, तेव्हा तो विचारतो, खायला काही आहे का? आणि भाजलेला मासा खातो. योहानात शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला हातांचे व्रण दाखवतो. मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते. नवं शरीर मिळालं, तरी खिळ्यांच्या खुणा तशाच. झालं गेलं पुसून टाकलेलं नाही.

---

टाळकरी | २ एप्रिल, दुपारी ३:३०

पण चाळीस दिवसांनी गेलाच ना शेवटी वर?

---

पाळकाचा_पोरगा | २ एप्रिल, दुपारी ३:३४

गेला. सदेह. :)

---

सीवूड्सची_चेची | २ एप्रिल, रात्री ८:५०

मी मल्याळी, पण सगळं शिक्षण नवी मुंबईत, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. आज पवित्र गुरुवार. आमच्या केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांत संध्याकाळी पेसह अप्पम करतात. बिनखमिराची भाकरीच, वर झावळीचा छोटा क्रूस. घरातला मोठा माणूस तोडून वाटतो, सोबत गूळ आणि नारळाच्या दुधाचं पेय. ऋताच्या सासूबाईंसाठी मुद्दाम लिहितेय. आमच्याकडे वर्षात घरी कुणी गेलं असेल तर त्या वर्षी अप्पम घरी करत नाहीत, शेजारी आणून देतात. म्हणजे त्यांना वाटतं ते अगदीच परकं नाही. पण ईस्टर कुणी सोडत नाही.

आणि उद्या ऑफिसच्या ग्रुपवर 'हॅपी गुड फ्रायडे' टाकू नका प्लीज. दर वर्षी एचआरवाले फुलांच्या चित्रासकट टाकतात. उद्या आम्ही चर्चमध्ये कडू रस पितो आणि घरी कांजी आणि मूग खातो. हॅपी रविवारपासून.

---

डब्लूएफएच_दास | २ एप्रिल, रात्री ८:५८

ड्राफ्टमधला मेसेज डिलीट केला.

---

तलावपाळीचा_पोर | ३ एप्रिल, सकाळी ९:१५

थोडं अवांतर. ठाण्यातला हा विषय पोर्तुगीजांपासून सुरू होतो असं सगळ्यांना वाटतं. त्याच्या दोनशे वर्षं आधी, एप्रिल १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन साधूंना इथे ठाण्यात मारलं गेलं. तोलेंतिनोचा थॉमस हा त्यांचा म्होरक्या. नंतर पोर्देनोनेचा ओदोरिक इथून चीनला जाताना त्यांच्या अस्थी सोबत घेऊन गेला. हे त्याच्या प्रवासवर्णनात आहे. कुणाच्या हाडांना इतका जीव लावणं हाही त्याच श्रद्धेचा भाग असावा.

---

सडेतोड | ३ एप्रिल, सकाळी ९:४०

हे साधू इथे आले कशाला होते तेही सांगा. आणि नंतर पोर्तुगीजांनी

---

व्यवस्थापक | ३ एप्रिल, सकाळी १०:००

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. धर्मांतर, पोर्तुगीज आणि १७३९ चा वसईचा वेढा या विषयांवर वेगळे धागे आहेत, तिथे जागा भरपूर आहे. इथे ऋता यांच्या प्रश्नावर बोलावं.

---

शंकेखोर | ३ एप्रिल, सकाळी ११:३०

हाडांवरून आठवलं. मुंबई-ठाण्यात कायमची कबर मिळणं अवघड. काही वर्षांनी तीच कबर उघडतात, आतल्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुढच्या माणसाला. मग उठायच्या दिवशी कोण कुठून उठणार? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय. समुद्रात बुडालेले, जळालेले, त्यांचं काय?

---

वसईची_लेक | ३ एप्रिल, दुपारी १२:४०

खवचटपणा असला तरी जुना आहे. संत ऑगस्टिननेही पाचव्या शतकात नरभक्षकाने खाल्लेल्या माणसाचं काय, हा प्रश्न घेतलाय. देवाने मातीतून माणूस केला, त्याला हाडांची यादी लागत नाही, असं आमचे फादर सांगतात. म्हणून तर कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. कोविडमध्ये आमच्या नात्यातही दहन झालं, कुणाचा विश्वास ढळला नाही. अट अशी की ते पुनरुत्थान नाकारण्यासाठी नसावं. २०१६ मध्ये रोमने पुन्हा सांगितलं की राख विखरू नये, घरातही ठेवू नये, दफनभूमीत किंवा पवित्र जागी ठेवावी. बेत असा की माणूस गेला तरी त्याचा पत्ता राहावा, नातवंडांना मेणबत्ती लावायला जागा असावी. कोनाडा चालतो. माझे आजोबा कोनाड्यातच आहेत.

---

जुई_कळवा | ३ एप्रिल, रात्री १०:२०

गुड फ्रायडेची प्रार्थना करून आले. इथे आत्तापर्यंत फक्त वाचत होते. मीही ख्रिस्ती आहे आणि मला वरच्या बऱ्याच प्रतिसादांचा थोडा राग आला. कारण सगळे शुक्रवारवरून थेट रविवारी उडी मारताय.

माझा भाऊ तरुण गेला. घरी आलेले लोक दारातूनच सुरू करायचे, रडू नकोस, तो प्रभूजवळ आहे, तुम्ही तर पुनरुत्थान मानता ना? त्या वर्षी ईस्टरला चर्चमध्ये सगळे आलेलुया म्हणत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुनरुत्थान मानणाऱ्याने रडायचं नाही असं कुठे लिहिलंय? येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा आपण त्याला थोड्याच वेळात उठवणार हे येशूला माहीत होतं. तरी तो रडला. योहान, ११ वा अध्याय. लाजरची बहीण मार्था येशूवर जवळजवळ आरोपच करते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे वाक्य मी कितीतरी वेळा म्हटलंय. आणि तो तिला गप्प करत नाही.

शिवाय लाजर उठला तो पुन्हा मरण्यासाठी. ते ईस्टर नव्हे. ईस्टरमध्ये म्हणतात की मरणाचीच सत्ता संपली, पण ती संपलेली आपल्याला अजून दिसत नाही. या मधल्या जागेला आमच्याकडे एक पूर्ण दिवस आहे, शनिवार. गुरुवारी ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा बंद होतात, गरज पडली तर लाकडी खटखट वाजवतात. शनिवारी दिवसभर मिस्सा नाही, वेदीवर कापडही नाही. मला तो दिवस सगळ्यांत खरा वाटतो. मी वर्षानुवर्षं शनिवारी आहे आणि रविवार येईल अशी आशा धरून आहे. खात्री आहे असं म्हणणार नाही.

ऋता, शेजारच्या काकूंना जाऊन "आता तुम्हाला बरं वाटत असेल" असं काही म्हणू नका एवढंच.

---

शंकेखोर | ३ एप्रिल, रात्री १०:५५

जुई, तुमच्या प्रतिसादावर मला वाद घालायचा नाही.

---

टाळकरी | ४ एप्रिल, सकाळी ६:१०

माझीही आई याच वर्षी गेली, ताई. वाचलं.

---

पाळकाचा_पोरगा | ४ एप्रिल, सकाळी ९:००

जुईताई, उडी मारली हे खरं. पाळकाच्या घरात वाढलं की उत्तरं तोंडपाठ होतात.

एक सांगतो. आमच्याकडे ईस्टरला पहाटे प्रभातफेरी असते, गाणी म्हणत गावातून आणि मग कबरस्तानात. आदल्या दिवशी कबरी साफ करून चुना लावलेला असतो. उपासना तिथेच, कबरींच्या मधोमध, उजाडताना. बायका आपापल्या माणसाच्या कबरीपाशी उभ्या राहून रडत असतात आणि गातही असतात. ऐरोलीला आल्यापासून ते मिळत नाही, हॉलमध्ये प्रोजेक्टरवर उपासना होते. यंदा गावी निघालोय.

---

खादाडखाऊ | ४ एप्रिल, दुपारी १२:३०

ऋता, गंभीर उत्तर देतो. फुलं न्या, पांढरी. आणि घरचं काहीतरी गोड. बऱ्याच जणांनी चाळीस दिवस काही ना काही सोडलेलं असतं, मटण, दारू, मिठाई. उद्या सगळ्यांचा हिशोब चुकता होतो.

---

ऋता_माजिवडा | ६ एप्रिल, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार, विशेषतः जुई. शनिवारी रात्री वसईच्या ताईंचं ऐकून गेले. मुलगा कंटाळला, एकामागून एक वाचनं सुरू होती, पण सुरुवातीला अंधारातून ती ज्योत आत आली तेव्हा तोही गप्प झाला. यंदाच्या मेणबत्तीवर २०२६ पाहिलं.

काल जेवायला गेलो. पुरणपोळ्या नेल्या. सासूबाईही आल्या, स्वतःहून. आजींची खुर्ची तिथेच होती, कुणी बसलं नाही, पण त्याचा कुणी बाऊही केला नाही. काकू मध्येच आत जाऊन रडून आल्या. मी काही बोलले नाही.

जेवण झाल्यावर मी आजींच्या मुलाला विचारलंच, तुम्ही 'भेटूच परत' म्हणालात ते कसं? तो बराच वेळ फुगा सोरपोतेलमध्ये बुडवत राहिला. म्हणाला, "कसं ते मला माहीत नाही. फादरना पण माहीत नसणार. पण आत्मा-बित्मा भेटून मी काय करू? मी त्याला ओळखणार कसा? मला आई पाहिजे. ती ओरडणारी, बोंबील साफ करताना बोट कापलेली. देव उठवणार असेल तर तिलाच उठवेल, नाहीतर उपयोग काय?" मला पाळकाच्या पोरांनी लिहिलेले ते व्रण आठवले.

सासूबाई येताना जिन्यात म्हणाल्या, आपल्यात असं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, पण बरं आहे.

---

शंकेखोर | ६ एप्रिल, रात्री १०:०५

'नाहीतर उपयोग काय' हे पौलानेही जवळपास असंच म्हटलंय, त्याच १५ व्या अध्यायात. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फोल आहे. या धाग्यामुळे मी तो अध्याय दोनदा वाचला. माझं मत तेच आहे, तो उठला नाही. पण मोघम 'सगळे मार्ग एकच' म्हणण्यापेक्षा हे बरं. यात चुकायची जागा तरी ठेवलीय.

---

पाळकाचा_पोरगा | ६ एप्रिल, रात्री १०:३०

वडील असते तर तुम्हाला चहाला बोलावलं असतं आणि पहाटेपर्यंत सोडलं नसतं.

---

डब्लूएफएच_दास | ७ एप्रिल, सकाळी १०:१०

वीकेंडला गावी होतो, नेटवर्क नव्हतं. आमच्या टीममध्ये दोघे ख्रिस्ती आहेत, त्यांना शुभेच्छा द्यायच्या राहिल्या. आता दोन दिवसांनी दिल्या तर वेडगळ दिसेल ना?

---

वसईची_लेक | ७ एप्रिल, सकाळी १०:४०

अजिबात नाही. ईस्टर हा एक दिवस नाही, ५० दिवसांचा काळ आहे, पेंटेकॉस्टपर्यंत (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण). यंदा तो २४ मे. तोपर्यंत कधीही द्या.

---

डब्लूएफएच_दास | ७ एप्रिल, सकाळी १०:४३

५० दिवसांचा सण आणि सुट्टी एक पण नाही. एचआरशी बोलतो.